चांद्याला न सापडणारा कोन

"चांदा लावला पोरांनी, चांदा," सर ओरडत होते. "कंपासपेटीतला. त्या प्लॅस्टिकच्या अर्ध्या पापडानं माझा अख्खा पेपर सोडवला."

आवाज असा, की इंदूरच्या भंवरकुआं चौकातल्या त्या दुसऱ्या मजल्याखाली पोहेवाल्याच्या कढईत पडणारी जलेबी वळायची विसरली आणि सरळ रेघ होऊन बाहेर आली. मी स्वतः पाहिली नाही, पण खालचे लोक अजून सांगतात.

सर कोचिंगमध्ये भूमिती शिकवतात. त्या पेपरातल्या वीसही आकृत्या माझ्या होत्या. पेपर नीट पार पडला तर त्यांच्या येणाऱ्या जाड पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या मीच करायच्या, असं ठरलं होतं. त्या भरवशावर मी चार महिने बाकीची कामं टोलवत होतो, आणि घरी सांगताना तर पुस्तक जवळजवळ छापूनच टाकलं होतं.

"आकृती चुकली का, सर?"

"चुकली असती तर मी पेढे वाटले असते, भिया. बरोबर आहे, हाच तर लोचा आहे. एका मुलीनं एकही प्रमेय न लावता वीसपैकी वीस घेतले. बसली, कोन मोजले, उठली."

मी माउसनं रेघा ओढणारा माणूस नाही. मी कॉम्प्युटरला लिहून सांगतो: हे वर्तुळ, हा त्यावरचा बिंदू, इथून स्पर्शिका. मग बिंदू हलवा, सगळी आकृती शहाण्या सुनेसारखी त्याच्यामागे सरकते. सत्तेचाळीस अंश म्हणजे सत्तेचाळीसच, मुंगीनं मोजले तरी. रेघेची जाडी ठरवायला मी एक आठवडा घालवलाय. अक्षर रेघेला चिकटू नये म्हणून तर माझं जेवण सुटलं होतं. आणि हा माणूस मला माझ्या खरेपणाबद्दल झापत होता.

"परदेशीपुऱ्यातले ते बुजुर्ग आठवतात?" सर म्हणाले. ते म्हणजे माझ्या आधी सरांच्या आकृत्या काढणारे प्रेसवाले काका. त्यांचं वर्तुळ बटाट्यासारखं, आणि काटकोन संध्याकाळी थकून भिंतीला टेकलेला. "त्यांच्या आकृतीत कुणाच्या बापाला कोन सापडला नसता. पुढच्या रविवारच्या पेपरात तुमच्या आकृत्या मोजून उत्तर आलं, तर पुस्तक त्यांच्याकडे."

म्हणजे बटाट्याशी स्पर्धा. आलो घरी आणि प्रोग्रामला खोटं बोलायला शिकवायला बसलो.

तो ऐकेना. एक कोन फुगवला की बिंदू वर्तुळावरून घसरून बाहेर पडायचा. बिंदूला धरून ठेवला की स्पर्शिका वर्तुळाच्या पोटात घुसायची. हे दोन्ही आवरलं, तर आकृतीत छापलेले आकडे आपले आपण बदलून खरे व्हायचे, कारण चार महिन्यांपूर्वी ते आकृतीवरून मोजून लिहायला मीच शिकवलं होतं. इतका प्रामाणिक कारकून साऱ्या इंदूरच्या दफ्तरांत सापडणार नाही, आणि तो नेमका माझ्याच पदरी. तीन दिवस भांडलो. बायको म्हणाली, "कुणाशी बोलताय?" म्हटलं, "हरिश्चंद्राशी."

शेवटी जमलं. विचारलेला कोन खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसायचा, बाकी सगळं जागच्या जागी. वीस अंश वाढवून पाहिले, तर लघुकोन विशालकोन व्हायला लागले, सर म्हणाले, "इतकं पण झूठ नको, यार, पालक येतील." तीन अंश वाढवले, तर ते डोळ्यालाच कळेनात. नऊ बरोबर बसले. प्रत्येक आकृतीला वेगळा आकडा देता आला असता, पण तोवर शनिवार दुपार झाली होती, आणि नऊ काही वाईट दिसत नव्हते. सरांनी स्वतः चांदा घेऊन चार आकृत्या मोजल्या. चारही उत्तरं चुकली. एवढ्या आनंदानं चुकलेला गणिताचा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. पुस्तकाची फाइल त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला सरकवली.

सोमवारी फोन आला: "या." नुसतं "या".

गेलो तर फाइल पुन्हा त्यांच्या बाजूला, तिच्यावर परदेशीपुऱ्याच्या प्रेसचा नंबर लिहिलेला कागद. समोर ती मुलगी उभी. महूहून रोज येते, घरी मराठी, हातात तोच चांदा. वीसपैकी वीस. सर या वेळी ओरडतही नव्हते.

"बेटा, यांना पण सांग," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले. "कसं केलंस?"

"पहिला सवाल थ्योरमनं केला, सर. मोजून पाहिला तर नौ डिग्री जास्त निघाला. मग बाकीच्यांतून नौ घटवले."