गळलेला ‘गैर’

जिभेला हाड नसते, म्हणून ती वळते. छापलेल्या अक्षराचा कणा मात्र शिशाचा. ते आपणहून वळत नाही, त्याला वळवायला माणसाचा हात लागतो. सज्जनहो, अशाच एका हाताची ही कथा. हात होता पेणच्या एका छापखान्यात राबणाऱ्या महिपतीचा. तो चोर नव्हता, लबाड नव्हता. भोळा, प्रेमळ, देवभीरू जीव होता. आणि त्याच्या हातून पाप घडले तेही प्रेमापोटीच.

महिपती खाडीकाठचा. बाप मिठागरात राबला, आई पुतळी मिठागरात राबली, आणि दोघे गेल्यावर आत्या बायजाबाईने स्वतः निरक्षर राहून त्याला सातवीपर्यंत शिकवले. त्या अक्षरांच्या बळावर तो जुळारी झाला. खणांतून शिशाचे खिळे उचलायचे, उलट्या अक्षरांतून सुलट शब्द जुळवायचे, आणि संध्याकाळी काळी बोटे घेऊन गावाकडे परतायचे, हे त्याचे आयुष्य.

एके दिवशी एका साप्ताहिकासाठी त्याने खासदारसाहेबांचे लोकसभेतले भाषण जुळवले. ‘ज्या हातांनी देशाच्या ताटात मीठ वाढले, त्या हातांच्या भेगांत तेच मीठ चुरचुरते आहे.’ हे वाक्य जुळवताना महिपतीचा हात थांबला. आईचा तळवा त्याच्या डोळ्यांपुढे आला. दिल्लीच्या त्या गोल इमारतीत आपल्या आईच्या हाताविषयी कोणी बोलावे! त्या दिवसापासून साहेब त्याच्या देवघरातले झाले.

पुढे निवडणूक आली. साहेबांच्या पाच वर्षांच्या कामाची पुस्तिका छापायला आली. तिच्यात एक तक्ता होता: विषय कोणता, साहेब बोलले काय, आणि मत दिले कसे. तक्ता केला होता साहेबांच्या कचेरीतल्या दत्तात्रेय नावाच्या कारकुनाने. सरळ मनुष्य, लोकसभेच्या नोंदीत जे दिसले ते त्याने उतरवले आणि कागद स्वतः महिपतीच्या हाती दिला. त्यात मिठागरांच्या विधेयकाची ओळ होती. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कुटुंबांना मिठागराचा भाडेपट्टा संपताना पहिला हक्क मिळावा, अशी दुरुस्ती कोणी मांडली होती. ती थोडक्या मतांनी पडली होती. साहेबांच्या नावापुढे लिहिले होते: ‘भाषण, बाजूने. मत, गैरहजर.’

तक्त्याचा रकाना अरुंद. ‘गैर’ एका ओळीच्या टोकाला, ‘हजर’ दुसरीच्या आरंभी. ओळ बदलताना ‘गैर’ जुळवायचा राहिला. इथवर ती चूक होती, आणि चुकीला देव क्षमा करतो. पण दुपारी कच्चा छाप हाती आला आणि महिपतीला ‘हजर’ दिसले. त्याने पेन्सिल उचलली. समासात खूण करायची, दोन खिळे बसवायचे, एवढेच काम. पण मन म्हणाले, ज्यांनी आईच्या हाताविषयी एवढे सांगितले, ते आईच्या वेळेला नव्हते? छे! लिहिणाराच चुकला असेल. खूण न करताच पेन्सिल खाली आली. हजार प्रती निघाल्या.

तो एक शब्द खाडीकाठी काय मोलाचा, हे महिपतीहून कोणाला ठाऊक? तिथे जोळ असते. मोठ्या उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर उभा राहतो, चिखलाची ढेपळे हातोहात पुढे सरकतात आणि समुद्र शेताबाहेर थांबतो. नावे पुकारली जातात, ज्याने त्याने ‘हजर’ म्हणायचे. तिथले म्हातारे सांगत, ‘नाय म्हणणाऱ्याशी भांडता येतं, जो आलाच नाय त्याच्याशी कसं भांडायचं?’

बायजाबाईने विचारले, “महिप्या, त्या पुस्तकात आमचं काय हाय?”

महिपतीने पान उघडले आणि वाचले, “मत, हजर.”

“म्हंजे उभा राहिला आमच्यासाठी?”

त्याने पान मिटले. मग म्हणाला, “व्हय, आत्ये.”

झाले! बायजाबाईने पदर खोचला आणि तीन गावांचे उंबरे झिजवले. कोणी शंका काढली, तर ती गरजे, “जोळीवर हजर राहिलेल्या माणसाला पाठ दाखवणार व्हय रं? बाकीच्यांनी पाडलं, त्याला तो काय करील?” तिचा शब्द खाडीवर कोणी मोडत नसे. आजवर तो खोटा निघाला नव्हता.

रोह्याला साहेबांची मोठी सभा झाली. खाडीवरच्या बायका ट्रकने गेल्या, महिपतीही गेला. साहेबांच्या गळ्यात हार पडताच बायजाबाई गर्दीतून उठली.

“साहेब, मी बायजाबाई, पेणच्या खाडीवरची. मला वाचता येत नाय. माझ्या भाच्यानं वाचून दाखवलं, आमच्या टायमाला तुम्ही तिथं हजर होतात. देव तुमचं भलं करो!”

टाळ्या कडाडल्या. साहेबांनी मान वळवून मागे उभ्या दत्तात्रेयाकडे पाहिले. दत्तात्रेयाने जमिनीकडे पाहिले. मग साहेबांनी दोन्ही हात जोडले.

“आई, तुमच्यासाठी नाही तर कोणासाठी?”

होतो म्हणाले नाहीत, नव्हतो म्हणाले नाहीत. महिपतीच्या कानात टाळ्या नव्हत्या; तापलेले शिसे कोणी ओतावे तसे ते पाच शब्द उतरत होते. लिहिणारा चुकला नव्हता. सभा सुटल्यावर दत्तात्रेय त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मी ‘गैर’ लिहिला होता हो.”

“मला दिसलं होतं,” महिपती म्हणाला.

“मग?”

मतदानाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत तो आठ वेळा आत्याच्या दारापर्यंत गेला आणि पाण्याचा तांब्या मागून परत आला. अरे जिवा, खोटे बोलायला एक श्वास पुरला, खरे बोलायला आठ दिवस पुरले नाहीत! खाडीवरची मते एकगठ्ठा पडली. साहेब निवडून आले.

महिन्याभराने एका सकाळी महिपती आत्याकडे गेला. ती देवपूजा करत होती. गावदेवीच्या टाकाशेजारी पुस्तिकेचे ते पान ठेवलेले, त्यावर हळद, त्यावर कुंकू. बायजाबाई त्या अक्षरांना नमस्कार करत होती. महिपती तिथेच बसला आणि त्याने सगळे सांगून टाकले.

बायजाबाईने पान उचलले, कुंकू झटकले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

“लबाडी त्याची असंल. पण तीन गावांत ती फिरली कोणाच्या पायांनी? माझ्या. आणि माझ्या तोंडात घातली कोणी? तू.”

“आत्ये, मला माफ...”

“मला मागू नको. ज्यांनी मतं टाकली त्यांना जाऊन सांग. आणि छापून दे. तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जातं, हे तूच मला शिकवलंस.”

पुढच्या जोळीला महिपती चिखलात उभा राहून सर्वांसमोर बोलला. मोरू नावाचा टवाळ पहिला ओरडला, “म्हंजे आपला खासदार उधाण आलं की पोट दुखतं म्हणून घरी बसणारा निघाला रं!” हशा पिकला, आणि बायजाबाईकडे नजर जाताच विरला. तिची मान खाली होती. आयुष्यात प्रथमच त्या बांधावर तिची मान खाली होती, आणि महिपतीला कोणतीही शिवी त्याहून हलकी वाटली असती.

त्याने स्वतःच्या हाताने शुद्धिपत्र जुळवले: ‘हजर याऐवजी गैरहजर वाचावे. चूक जुळाऱ्याची, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली.’ ते घेऊन तो तीन गावांत दारोदार गेला. बायजाबाई बरोबर चालली; त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर महिपतीने एक व्रत घेतले. दत्तात्रेय दर अधिवेशनाची नोंद उतरवून टपालाने पाठवी. महिपती ती देवळाच्या पारावर दुपारी वाचून दाखवी: साहेब पेणला काय बोलले, वडखळला काय बोलले, आणि आत मत कसे दिले. लोक त्याला ‘हजेरीवाला’ म्हणून चिडवत. तो हसून घेई. बायजाबाई पुढे बसून ऐके, कौतुकाचा शब्द न काढता उठून जाई.

चौथ्या वर्षी एक नोंद आली. महिपतीने खडा आवाज लावला. “धान्याच्या भावाचा ठराव. मत, गैरहजर!” लोक चुकचुकले. त्याने पुन्हा वाचले, “गैर-हजर!” मोरूने शीळ घातली. महिपतीने कागदाची घडी केली.

“थांब,” बायजाबाई म्हणाली. “खाली अजून शाई दिसते. ती वाच.”

“ते काय, दत्तात्रेयाचं आपलं...”

“वाच.”

महिपतीने घडी उघडली. त्याने वाचले, “त्या सकाळी साहेबांच्या पत्नी वारल्या.”

मोरूने डोक्यावरची टोपी काढली.

“तेव्हा मायेनं गाळलंस,” बायजाबाई म्हणाली, “आता रागानं गाळतोस. हात तोच हाय रं, महिप्या.”

पश्चात्तापालाही अहंकाराची कीड लागते, हे त्याला त्या क्षणी उमगले. तो पाराखाली उतरून आत्याच्या पायाशी बसला. ती म्हणाली, “कार्ड हाय तुझ्याजवळ? त्याला पत्र लिही. बायको गेली त्याची.”

“काय लिहू, आत्ये?”

“लिही, त्या दिवशी तुम्ही गेला नाय, ते बरोबर केलं. बाई गेल्या, त्याचं आम्हांला वाईट वाटलं.” ती पुढे म्हणाली, “आणि खाली लिही, मिठाच्या दिवशी गेला नाय, ते बरोबर नाय केलं. त्याचंबी वाईट वाटलं.”

महिपतीने दोन्ही ओळी लिहिल्या आणि पत्रपेटीत टाकण्याआधी तिला वाचून दाखवल्या.

“व्हय,” ती म्हणाली, “असंच म्हणाले मी.”