दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

श्री. बाबूभाई आतार यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. संपादकांनी मला "आठवणी लिहा, पण आटोपशीर" असे बजावले आहे. चार ओळींत अख्खी सभा बसवण्याची आम्हा वार्ताहरांना सवय असते. पण या लेखात एक कबुली आहे, आणि ती आटोपशीर होईल असे वाटत नाही.

भाईंची पहिली भेट त्यांच्या माळीवाड्यातल्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात झाली. मी नुकताच संस्कृतची पदवी घेऊन बातमीदार झालो होतो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच निरुपयोगी होतो. रेकॉर्डर बंद पडला म्हणून गेलो, तर भाई दोन टेप एकदम वाजवीत बसलेले. डावीकडे एका पडलेल्या सिनेमातले गाणे, उजवीकडे कुठल्याशा खेड्यातले भजन.

"दोन्ही बिघडलेत का?" मी विचारले.

"न्हाई हो. एका घरात नांदतात का बघतोय."

हल्लीची मुले याला मॅशअप म्हणतात. भाई 'जोडगाणं' म्हणत. मी संस्कृत शिकलो आहे हे कळताच त्यांनी मला 'पंडित' करून टाकले. विद्यापीठाला ते शेवटपर्यंत जमले नव्हते.

गाजलेल्या गाण्यांशी भाईंचे वैर नव्हते. फक्त "त्यांना वाली लई हायेत" असे ते म्हणत. त्यांचा जीव कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात. "तिथवर कुनी येत न्हाई, हे गानाऱ्याला ठाव असतं. म्हनून तिथं तो खरं गातो." सिनेमा पडला म्हणून गाणे का पडावे, हा त्यांचा सवाल. त्याला माझ्याकडच्या एकाही शास्त्रात उत्तर नव्हते.

दुकानाचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेला संच असल्याच एखाद्या गाण्यावर तपासायचा आणि गाणे संपेपर्यंत गिऱ्हाइकाने उभे राहायचे. कर्जतकडच्या सोजरबाई लेकाचा टेप न्यायला आल्या, त्या दिवशी मी तिथेच होतो. गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, नुसती सतार वाजत असताना, बाईंनी खुरपताना म्हणायचे आपले गाणे सहज धरले. ते असे बसले की भाईंच्या हातातला पेचकस खाली पडला.

"मावशे, तुमची येष्टी जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या तिला. तुमी पुन्यांदा लावा, भाऊ."

भाईंनी पुन्हा लावले आणि या खेपेला दुसऱ्या यंत्रावर, एका कॅसेटच्या शेवटी उरलेल्या जागेत, भरून घेतले. ते एकदाच. पुढे वर्षभरात सोजरबाई वारल्या.

ती कॅसेट भाईंनी माझ्या हाती दिली. "ऐका, अन् मनात आलं तर लिहा. बाईचं नाव तेवढं छापून येऊ द्या." माझ्या वडिलांच्या आजारपणात हा माणूस त्यांचा रेडिओ घरी येऊन नीट करून गेला होता. त्याने माझ्याकडे आयुष्यात मागितले ते एवढेच. मी 'हो' म्हटले आणि कॅसेट पिशवीत ठेवली. ती महिनोन्‌महिने तिथेच राहिली.

कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. भाई ते कधीच मोडीत नसत. "उद्या याच्याहून चांगलं जमलं तर?" या आशावादाला माझ्यासारखा मित्र मिळाला. सुप्याला एका पुढाऱ्याचे भाषण होते, कोरी कॅसेट संपली होती, हात पिशवीत गेला, आणि ते भाषण बाईंच्या कॅसेटवर भरले गेले. त्या भाषणाच्या तीन ओळी आतल्या पानावर छापून आल्या.

भाईंनी दोनदा विचारले, "ऐकलं का, पंडित?" मी दोनदा म्हणालो, "ऐकतोय." मग रेकॉर्डर पुन्हा बिघडला, दुरुस्त होऊन आला, तर आत नवी कोरी कॅसेट. भाईंनी भेट दिली असे मी समजलो. जुनी कुठे गेली हे मी विचारले नाही. भाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. ते विसरले असा सोयीचा अर्थ मी लावला, आणि तो पंचवीस वर्षे पुरवला.

या लेखासाठी परवा दुकानात गेलो आणि सगळे सांगून टाकले. भाई यंत्र पुसत होते.

"मला ठाव हाय. तुमच्या रेकॉर्डरात तीच टेप हुती ना. मी सगळं भाषण ऐकलं."

"सगळं? कशाला?"

"शेवटाला काय उरलं असंल तर."

त्यांनी फळीवरून कॅसेट काढली. पाठीवरचे दोन्ही तुकडे मोडलेले. त्या दुकानात अशी ही एकच.

"पुढे पळवा ना," मी म्हणालो.

"टेप जुनी हाय, तुटंल. हुबं ऱ्हावा."

रिवाजाप्रमाणे मी उभा राहिलो. भाषण पाऊण बाजूहून अधिक होते. पाणी येणार होते, कारखाने येणार होते. टाळ्या मात्र आल्या होत्या. मग खट् आवाज झाला, आणि सतार. सोजरबाईंची शेवटची एक ओळ, त्यांचे हसणे, आणि "येष्टी गेली का वं?" टेप संपली.

भाईंनी ती उलटी करून जपून डबीत ठेवली. मग पुन्हा यंत्र पुसायला घेतले. रागावले असते तर बरे झाले असते.

अशा लेखाच्या शेवटी संस्कृत आशीर्वचन लिहिण्याची मला खोड आहे. आज ते लिहिण्याचा अधिकार मला वाटत नाही. बाबूभाईंचे कान आणि बोटे अशीच शाबूत राहोत, त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू खूप लांब चालो, आणि शेवटपर्यंत ऐकणारे कुणीतरी त्यांच्याजवळ उभे असो. भाई, बाईंचे नाव छापून आले आहे. सोजरबाई. उशीर झाला.