डासाने ठोकलेला शड्डू

मांडीवर बसलेला डास मी चापट मारून ठार केला, आणि माझंच गळ्याचं हाड मोडलं. मधे गुंडो अण्णा होते.

सन १९६३. मी पुण्याहून इथे कानडी मुलखातल्या सरकारी कारखान्यात आलेला, इथल्या शिवाजीनगरात अण्णांच्या घरी भाडेकरू. अण्णा एकाहत्तर वर्षांचे. त्यांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आली ती राहिलीच. तरुणपणी अण्णांनी गरडीत, म्हणजे इथल्या तालमीत, माणसं आपटली. कान चुरगळून कानवल्यासारखे झालेले. एकदा डोक्यावर असे पडले की नाकातून रक्त आणि तीन दिवस शुद्ध नाही. आता दोन वर्षांपासून सगळं विसरत चालले होते.

चापटीचा आवाज झाला आणि पलंगावरचे अण्णा उठले. "बा!" एवढंच म्हणाले, म्हणजे कानडीत 'ये!' पुढच्या क्षणी मी त्यांच्या खांद्यावर, त्याच्या पुढच्या क्षणी कडप्प्यावर. हाड कडकन वाजलं. छातीवर गुडघा, गळ्यावर मनगट, डोळ्यांपुढे काळोख. स्वयंपाकघरातून अनुसूया अक्का धावत आल्या, नवऱ्याचा हात धरून वर केला आणि ओरडल्या, "निकाल! गुंडो जिंकला!"

एरवी उखाण्यातही नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी बाई! अण्णा लगेच उठले, जास्वंदीच्या कुंडीतली माती आणून माझ्या पाठीला चोळली आणि पलंगावर जाऊन बसले.

"अम्मा, हा तिसरा!" मुलगा रत्नाकर म्हणाला. पहिला पेपरवाला दामोदर: मांडीवर पेपर आपटून घडी करत होता, त्याचं नाक फुटलं. दुसरा रत्नाकरचा मेहुणा येसाजी: विनोद ऐकून मांडी थोपटत हसला आणि दोन दात गेले. "आता परगावच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवू. उद्या डॉक्टर सही देतात."

"आणि तिथं कोण यांचा हात वर करणार?" अक्का म्हणाल्या. "तिथली माणसं बांधतील रे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गुरुराज आले ते जाड वही घेऊन. गावातल्या प्रत्येक जमातीतले म्हातारे ते त्यात टिपत: मराठे, तमिळ, दखनी मुसलमान, कोंकणी, शाळा किती, खाणं काय, भाषा किती, डोक्याला मार किती. कुणाचं डोकं म्हातारपणी टिकतं हे त्यांना शोधायचं होतं.

"शाळा?"

"दुसरी," अक्का म्हणाल्या.

"भाषा?"

"चार. शिव्या पाच भाषांत."

"चारवाले माझ्या वहीत उशिरा विसरतात," डॉक्टर म्हणाले. "पण डोक्यावर आपटलेले लवकर. किती वेळा आपटले?"

"हरले तेवढ्याच वेळा. सात."

मग अण्णांना प्रश्न. साल कुठलं? माहीत नाही. हा कोण? रत्नाकरकडे बघून अण्णांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

पेपर, मेहुणा, डास. मांडी, मांडी, मांडी! माझ्या पुणेरी डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला.

"डॉक्टर, यांनी मारलं नाही हो. शड्डू मी ठोकला. आम्ही तिघांनी ठोकला!"

"पहिलवान पुन्हा उठतील का?" डॉक्टरांनी विचारलं.

गळ्यात बांधलेला डावा हात सांभाळत मी उजव्याने मांडीवर फाडकन चापट मारली. अण्णा उठले. रत्नाकरने मागून कंबर धरली, तो उडून कपाटावर गेला आणि वरचे तांब्याचे हंडे त्याच्या पाठीवर कोसळले. अण्णा माझ्यावर आले. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर अण्णा माझ्या झोळीतल्या हाताकडे बघत होते. मोडलेल्याशी कुस्ती नाही. त्यांनी माझा चांगला हात धरून सलामी दिली आणि पलंगावर परत गेले.

"साल विसरला, नियम नाही," डॉक्टर पुटपुटले, आणि वहीत नाही, चिठ्ठीवर लिहिलं: 'घरीच ठेवावे. मच्छरदाणी लावावी. कुणी मांडी थोपटू नये.'

अक्का भिंतीला टेकून रडायला लागल्या. कपाटापाशी रत्नाकर बरगड्या चाचपत म्हणाला, "सरी, सरी. बरं, आणतो मच्छरदाणी."

मी पलंगाजवळ बसून विचारलं, "अण्णा, मला ओळखलंत ना? माझं नाव काय?"

"पडलेल्यांची नावं मी लक्षात ठेवत नाही."