कोनशिलेवरची रिकामी जागा

अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्याच पक्षाचा नसलेला एकच माणूस उरला असेल, तर तो आमच्या नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलामागे बसत होता, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. आलेल्या टपालावर शिक्का मारण्यात उभा जन्म गेल्यामुळे समोर येईल त्या कागदावर शिक्का मारायची त्यांना सवयच जडली होती. लग्नपत्रिका आली, मार शिक्का. काकूंनी किराण्याची यादी धाडली, तिलाही आवक क्रमांक. मी नवीन लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या डब्यातल्या पोळीकडे त्यांनी असं काही पाहिलं की मी घाईनं झाकण लावलं. पक्षांची नावं त्यांच्या तोंडून कधी निघाली नाहीत. मुंबईत सत्तेवर असतील ते 'वरचे', गावात असतील ते 'खालचे' आणि हरलेले सगळे 'थांबलेले'.

निकालाच्या दिवशी गाव गुलालात न्हात असताना काका बिस्किटांचा पुडा घेऊन थांबलेल्याच्या घरी जायचे. म्हणायचे, "निवडून आलेल्याला आज आपलं तोंडसुद्धा आठवणार नाही. हरलेल्याकडे चहा केलेला असतो आणि प्यायला कुणी नसतं." कुरवंड्याच्या एका थांबलेल्यानं तर त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. काका दुसऱ्या दिवशी राहिलेली छत्री न्यायला पुन्हा गेले, आणि कुत्र्यासकट सगळ्यांबरोबर चहा पिऊन आले. पुढच्या खेपेला तोच गृहस्थ आमदार झाला.

आमचे निवृत्त शिपाई रशीदभाई हे काकांचे जिवलग. दोघांनी एका टेबलावर तीस वर्षं डबा खाल्लेला. रशीदभाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला तळेगावच्या वाऱ्या सुरू झाल्या. येताना अंगात त्राण नसायचं, म्हणून मुलगा रिक्षानं आणायचा, आणि शनिवारी ती रिक्षा पर्यटकांच्या गाड्यांत तासन्‌तास अडकायची. इकडे आमच्या नगरपरिषदेच्याच दवाखान्यात कुणा दात्यानं दिलेली दोन यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. ती चालवणाऱ्यांची पदं राज्य सरकारनं मंजूर करायची होती, आणि वरच्यांचं नि खालच्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. एका शनिवारी रशीदभाई रिक्षातच बेशुद्ध पडले. सोमवारी काकांनी पदमंजुरीची फाइल काखेत मारली.

मुंबईला निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती करायला त्यांचंच डोकं हवं. मंजुरीचा पत्ता नसताना त्यांनी डायलिसिस केंद्राची संगमरवरी कोनशिला कोरून घेतली. "यांच्या शुभहस्ते" एवढी अक्षरं ठसठशीत, आणि त्यांच्या वर हातभर जागा कोरी. ती गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली ठेवली होती. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा गुडघा तिच्यावर आपटायचा.

मुंबईला मी बरोबर होते. वरच्यांचे एक वजनदार आमदार म्हणाले, "तुमच्या गावात आमचा औषधाला एक नगरसेवक नाही. मग आम्ही का म्हणून द्यायचं?"

काकांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला. "साहेब, दगड तयार आहे. नाव तेवढं राहिलंय."

साहेबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तासाभरानं काकांनी तोच फोटो कुरवंड्याच्या आमदारांना दाखवला. ते विरोधी बाकावरचे. शिवाय काका त्यांना म्हणाले, "ते साहेबही जागा बघून गेलेत. अधिवेशनात प्रश्न कोण आधी विचारतो, यावर आहे सगळं." मी हळूच फाइलमागे तोंड लपवलं.

प्रश्न विचारला गेला तो दिवस मी विसरणार नाही. आमचं सबंध कार्यालय एका फोनभोवती जमलं होतं. कुरवंड्याचे आमदार तावातावानं उठले. श्रेय त्यांना जातंय असं दिसताच वजनदार साहेब ताडकन उभे राहिले आणि सरकारनं हे आधीच ठरवल्याचं सांगू लागले. ते कधी ठरलं, हे मंत्र्यांनाही ठाऊक नसावं. दोन्ही बाकांवर असा गदारोळ झाला, की मंत्र्यांनी उत्तरातच सगळी पदं मंजूर करून टाकली! आम्ही ओरडलो, कुणी टेबलं बडवली, मी तर चक्क रडले. मंजुरीचं पत्र आलं, तेव्हा आयुष्यात एकही शिक्का वाकडा न मारलेल्या काकांनी तो उलटा मारला.

कोनशिलेवर शेवटी अकरा नावं बसवावी लागली. अक्षरं इतकी बारीक झाली की वाचायला चष्मा लागतो.

काका निवृत्त झाले आणि ते टेबल माझ्याकडे आलं. टेबलाखाली आता पाय लांब करता येतात, आणि नेमकं तेव्हाच मला चुकल्यासारखं होतं. परवाच्या शनिवारी निकाल लागला. कुरवंड्याचे आमदार पडले. बाहेर गुलाल उधळत होता, मी बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात गेले. इतक्या लवकर आपल्याआधी कोण येतंय, असं मनाशी म्हणत कडी वाजवली.

आत काका बसलेले. हातात काठी, बरेच वाळलेले. पडलेले आमदार काकांच्या मोबाइलमधला फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. रक्तपेढीची कोनशिला, वर हातभर जागा कोरी. आणि काकांना धरून चढावरून घेऊन आलेले रशीदभाई शेजारी बसले होते. शनिवार होता, सकाळीच गावातलं डायलिसिस आटपून, घरी जेवून आले होते.

"या ताई," रशीदभाई म्हणाले. "आमी लय येळचं आलोय."

काकांनी माझ्या हातातला पुडा पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "उशीर केलास. चहा संपला."