तारखेच्या आधी आभार

आधी नरसय्या मामांचं नाव घेतो. ते नसते तर हे सांगायला मी नसतो. टॉवेलच्या कारखान्यात माझ्या शेजारचे चार माग त्यांचे. तेलुगू माणूस, साठीच्या पुढचा. मला तम्मुडू म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांना मामा म्हणतो. हे नातं कसं बसतं ते आम्ही कधी बघितलं नाही.

आता झालं ते.

सोलापुरातला एक मोठा हॉल. दुपार. समोर डॉक्टर, प्राध्यापक, कॉलेजची पोरंपोरी. स्टेजवर मी. शेजारी ट्रस्टच्या दवाखान्याचे अध्यक्ष, हातात माईक. ते म्हणाले, "शर्ट वर कर. लोकांना दिसू दे."

मी केला.

माझं आतडं पोटाच्या उजव्या बाजूनं बाहेर काढलेलं आहे. त्याच्यावर पिशवी चिकटवलेली. मळ त्या पिशवीत येतो, कधी येईल ते माझ्या हातात नाही. पिशवी भरू नये म्हणून मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तरी भरली. पहिल्या ओळीतल्या एका बाईंनी रुमाल नाकाला लावला. फोटोवाला पुढं आला. मी छताकडं बघत उभा राहिलो. पंखा बघितला. दुसरं काय बघणार.

मी केम गावचा. आठवीत शाळा सोडली आणि सोलापूर धरलं. गावाकडं भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा रेशनकार्डंही वेगळी झाली. थोरल्याला वाटलं मी धाकट्याच्या कार्डावर आहे, धाकट्याला वाटलं थोरल्याच्या. मी कुणाच्याच कार्डावर नव्हतो. हे मला पोट फुटल्यावर कळलं.

पोट चार दिवस दुखत होतं. सोडा पिऊन मी मागावर उभा. कारण आमच्यात माग रिकामा ठेवत नाहीत. दोन दिवस गेला नाहीत की मालक बदली माणूस उभा करतो, आणि तो मग हलत नाही. पाचव्या दिवशी मी मागावरच पडलो. मामांनी रिक्षात घातलं. पहिल्या दवाखान्यात खिडकीवर सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड मागितलं. नव्हतं. तिथून परत. दुसरा हा ट्रस्टचा. तिथं गरिबांसाठी काही खाटा ठेवाव्या लागतात म्हणे, पण त्याही भरल्यात असं सांगितलं. मामा पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. शेवटी घेतलं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला भोक पडलंय, आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. पिशवी लावली. तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, आतडं परत आत, पिशवी निघणार.

मी खाटेवर असताना मामांनी आपल्या पुतण्याला माझ्या मागांवर उभं केलं, दुसरा कोणी बसू नये म्हणून. मी परत आलो त्या दिवशी त्याला उठवलं. पुतण्या रुसला. मामा त्याला म्हणाले, तू धडधाकट आहेस, दुसरीकडं बघ. तेव्हापासून पिशवी धुवायला मी उठलो की माझे चार आणि त्यांचे चार, आठ माग ते बघतात. त्यांच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. तुटलेला दोरा ते बोटानं शोधतात. मालकाला हे ठाऊक नाही, मला आहे.

आईला मी नुसतं अपेंडिक्स सांगितलं. गावी गेलेलो नाही. जेवायला सगळे ओळीत बसतात तिथं मी कसा बसू.

तीन महिने झाल्यावर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मागायला गेलो. ऑफिसातले म्हणाले, तारखेचं बघू, आधी रविवारी हॉलवर ये. चर्चा आहे, सगळ्यांना उपचार कसे मिळावेत यावर. तू फक्त आभार मान. चार ओळी लिहून दिल्या, पाठ कर म्हणाले. मी केल्या. मला पिशवी काढायची होती, दुसरं काही नको होतं.

चर्चा मी ऐकली. एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, सगळ्या देशाचा एकच निधी असावा, ज्याची जेवढी ऐपत तेवढं त्यानं भरावं आणि दवाखान्यात कुणालाही कार्ड विचारू नये. साबण, चहापत्ती घेताना गरीबसुद्धा कर भरतो, म्हणाल्या. हे मला नवं होतं. मी समजत होतो मी फुकटच खातो. एक डॉक्टर म्हणाले, तसं केलं तर रांगा लागतील, सरकार दवाखान्यांना वेळेवर पैसे देत नाही, त्यापेक्षा गरिबाला योजना आणि बाकीच्यांना विमा. त्यांचंही सगळंच खोटं वाटलं नाही. मग अध्यक्ष उठले. म्हणाले, कायद्यानं काही होत नसतं, माणसाच्या मनात दया पाहिजे. आणि फुकट मिळालं की लोकांना किंमत राहत नाही, म्हणून आम्ही माणूस बघून देतो. असं म्हणून त्यांनी मला वर बोलावलं.

तो बघितलेला माणूस मी.

शर्ट धरून धरून हात भरून आला. मी सोडला. फोटोवाला म्हणाला, हलला फोटो. अध्यक्ष हसून म्हणाले, "परत वर कर रे. लाजतोस काय, बाई हायस का?"

लोक हसले. सगळे नाही. पण हसले.

मी म्हणालो, "न्हाय करणार."

मग त्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. त्या चार ओळी बोल, असं डोळ्यानं खुणावलं. ओळी मला येत होत्या. आजही येतात. पण तोंडातून दुसरंच आलं.

"तुमी मला वाचीवलं. जल्मभर इसरणार न्हाय. पर मी हितं तारीख मिळंल म्हणून आलोय. आलो नसतो तर मिळाली असती का? तेवढं सायबांनी सांगावं."

प्राध्यापक बाई अध्यक्षांना म्हणाल्या, सांगा ना. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "वेळ झालाय," म्हणाले. चहा आला.

बाई चहा घेताना माझ्याकडं आल्या. तुमची केस मला लेखात घेता येईल का, विचारलं. नाव विचारलं नाही. त्या माझ्या बाजूच्या होत्या तरी.

मामा मागच्या ओळीत होते. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. बाहेर येऊन ते जे बोलत सुटले ते शुक्रवार पेठ येईपर्यंत थांबले नाहीत.

"शाना झाला तू. चार ओळी म्हणला असता तर काय जीभ झडली असती? आता हिंड पिशवी घेऊन."

मी म्हणालो, तुम्ही तरी कुठं उठला पायरीवरनं. सकाळी कारखान्यात मी पिशवी धुवायला गेलो तेव्हा मामा माझ्या मागांकडं सरकले, रोजच्यासारखे.

ट्रस्टच्या दवाखान्यातून तारीख आली नाही. दोनदा गेलो. नंतर बघू, म्हणाले. आता दर सोमवारी सरकारी दवाखान्यात जातो. रांग लई मोठी. त्या डॉक्टरांचं रांगेचं बोलणं खरं होतं, उभं राहून राहून पाय सुजतात. यादीत नाव लागलंय, कधी बोलावतील सांगत नाहीत. रात्री पिशवी सुटेल म्हणून कुशीवर वळत नाही. चुकलो का, असं रोज एकदा वाटतं. वाटू दे. मी नाही म्हणालो ते परत घेणार नाही. जीव वाचवणाऱ्याचे उपकार मी मानीन, पण ते नंतर. उपचारासाठी आधी आभार मी पुन्हा भरणार नाही. रेशन ऑफिसातही अर्ज दिलाय. माझं नाव कुठल्यातरी कार्डावर लागेपर्यंत तिथून हलणार नाही.

मामांनी डोळा अजून कुणाला दाखवलेला नाही. म्हणतात, माझ्याकडून नाही व्हायचं ते भाषण.

मामा, तुम्हाला भाषण करावं लागणार नाही. माझं पोट शिवून झालं की पहिल्या सोमवारी मी तुम्हाला घेऊन जाणार. रांगेत मी उभा राहीन, तुम्ही बाकावर बसा. खिडकीवर कुणी विचारलं हा कोण, कुणाच्या ओळखीनं आला, तर उत्तर मी देईन. आणि तुमचा डोळा झाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.