एक ढोल, दोन अंगणं

रामनगरच्या पोरांना मी राज्यशास्त्र शिकवतो. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या वैरात छोट्या राष्ट्राने कसे वागावे, हा प्रश्न दरवर्षी असतोच. उत्तर ठरलेले: कोणाच्या दावणीला बांधले जाऊ नये, दोघांशी गोड बोलावे, दोघांकडून मिळेल ते घ्यावे. पोरे घडाघडा लिहितात, मी गुण देतो, आणि घरी आईचे वाकडे झालेले तोंड दिसले की स्वतःचीच लाज वाटते. हेच उत्तर मी एकदा माझ्या वाडीलाही दिले होते.

कुंभारवाड्याच्या आतल्या रानात आमची अकरा घरे. वर एक मोठे गाव, खाली दुसरे. वरचा पुढारी लाकडाचा कंत्राटदार, खालचा पंचायतीचा माजी अध्यक्ष. दोघांचे हाडवैर. आमच्या मतांनी कोणी निवडून येत नव्हता. पण ती दुसऱ्याला पडू नयेत म्हणून दोघांनाही आम्ही हवे होतो. आम्हाला हवा होता साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीचा रस्ता तुटायचा, आणि आईला रक्तदाब, डॉक्टर ओढ्यापलीकडे.

साकव बांधून द्यायला दोघेही तयार होते. अट एकच: शिमग्याचा खेळ, म्हणजे ढोल-झांजांवर नाचणारी वाडीच्या खेळ्यांची टोळी, आधी आपल्या अंगणात आला पाहिजे. ज्याच्या दारात पहिला ढोल वाजतो, वाडी त्याची समजतात.

बैठकीत म्हाताऱ्यांनी मला विचारले, कारण मी शिकलेला. मी ऐटीत सांगितले, "कुनाला व्हय म्हनू नका, कुनाला न्हाई म्हनू नका. खेळ्यांच्या दोन टोळ्या करा आनि येकाच घटकेला दोन्ही अंगनात शिरा."

म्हातारे खूश. मग कोणाच्या तरी लक्षात आले की ढोल एकच आहे. तेव्हा ठरले, यंदा एकाकडे ढोल, दुसऱ्याकडे झांजा; पुढच्या वर्षी उलट. झांजा वाट्याला आलेला कंत्राटदार वर्षभर फुगून बसला होता.

तरी माझी अक्कल चालली असेच दिसत होते. पुढच्या शिमग्याला ढोल दारात येताच कंत्राटदाराने लोखंडी तुळया आणून टाकल्या. ते कळताच अध्यक्षाने सिमेंटच्या गोण्या पाठवल्या. मी वर्गात फुशारकी मारायचो, बघा छोट्यांची ताकद! पण याच्या तुळयांना त्याचे सिमेंट लागलेले दोघांनाही चालणार नव्हते, आणि कोणाला दुखवायचे नाही म्हणून आम्ही गप्प. गोण्या एका पावसाळ्यात दगड झाल्या. तुळयांवर बायका धुणे वाळत घालू लागल्या.

मग दोघांची सोयरीक जमली. याची मुलगी, त्याचा मुलगा. कुळगीच्या बाजूला भागीत रिसॉर्ट काढायचे ठरले आणि एका सकाळी ट्रॅक्टर येऊन आमच्या तुळया तिकडे घेऊन गेला. वैर मिटले, आमची गरज संपली. हे माझ्या पुस्तकात कुठेच नव्हते. लग्नाला मात्र खेळ्यांना आग्रहाचे बोलावणे आले. ढोल, झांजा सगळे एकाच मांडवात. आम्ही गेलो आणि निर्लज्जासारखे नाचलोसुद्धा.

त्याच आषाढात, मी सुट्टीला वाडीवर आलो असताना, भर दुपारी आईला झटका आला. खुर्चीला बांबू बांधून तिला ओढ्यापर्यंत आणले. पाणी छातीच्या वर. पलीकडून दोर आणि माणसे पाठवा म्हणून मी कंत्राटदाराला फोन लावला. "व्याह्यास्नी इचारून सांगतो," तो म्हणाला. अध्यक्षाला लावला. त्यानेही तेच सांगितले. पाणी उतरायला संध्याकाळ झाली. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते. तेव्हापासून तिचे डावे अंग गेले आहे, आणि ती माझ्याजवळ रामनगरात असते. दवाखाना इथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

परवा टीव्हीवर कुठल्याशा छोट्या बेटाचा पंतप्रधान दाखवत होते. एका महासत्तेला बंदर देऊन तो दुसरीकडे विमानतळ मागायला निघाला होता. निवेदक त्याच्या चातुर्याचे गोडवे गात होता. मला असा संताप आला की मी आवाजच बंद केला.

"कोन रं त्यो?" आईने विचारले.

"ल्हान देशाचा मोठा मानूस. दोघास्नीबी नादाला लावतोय. लई हुशार म्हनत्यात त्याला."

तिने उजव्या हाताने पडद्याकडे बोट केले. मग जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "त्याची आई वढ्याच्या अल्याड ऱ्हाते, का पल्याड?"