दिवे लागल्यावरची गोष्ट

मैनाबाईंनी माईक हातानं बाजूला सारला. "ऊन असताना गोष्ट नाई सांगत मी," त्या म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडायला लागल्या.

मी लेव्हल घेऊन बसलो होतो. लेव्हल म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज मशीनवर किती मोठा पडतो ते आधी काट्यावर बघून घ्यायचं. नाव, गाव, सकाळी काय जेवलात, असं काहीतरी विचारतात. ते सगळं मैनाबाईंनी खणखणीत सांगितलं. काटा छान हलत होता. गोष्ट म्हटल्यावर मात्र गाडी अडली.

गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेलं हे गाव. मी तेव्हा रेडिओत कार्यक्रम अधिकारी होतो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आमच्या केंद्रावर जगातल्या आदिवासींच्या कथांची मालिका चालू होती. प्रत्येक भागात अर्धा वेळ बाहेरच्या लोकांची गोष्ट आणि अर्धा वेळ आपल्या भागातली. या खेपेला बाहेरचे लोक होते अमेरिकेतले पुएब्लो. मातीच्या विटांची एकाला एक लागून घरं बांधणारे, मका पिकवणारे. आपले पूर्वज जमिनीखालच्या जगातून वर आले असं ते मानतात. त्याला जोड म्हणून मला गोंडांकडची, जमिनीखालचीच एक गोष्ट हवी होती. ती मैनाबाईंकडे आहे असं कळलं होतं.

अडचण गाडीची होती. तो पट्टा तेव्हा नक्षलवाद्यांमुळे संवेदनशील समजला जायचा. सरकारी गाडी अंधार पडायच्या आत हायवेला लागली पाहिजे, असा दंडक होता. आमचे ड्रायव्हर रहमतभाई गोंदियाचे. त्यांनी गाडीतूनच आवाज दिला, "साब, जल्दी निपटाओ. धूप ढलने लगी है."

मी आमची नेहमीची युक्ती केली. दार लावलं, खिडकीला पोतं लावलं. घरात मिट्ट काळोख.

"घ्या, झाली रात्र," मी म्हणालो.

मैनाबाई हसल्या. "रात्र घरात केली तुमी. बाहेर तं कोंबड्या चरून राहिल्या ना?"

त्यांची मुलगी सुनीता, लग्नाच्या वयाची, चुलीपाशी बसली होती. तीही तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी ओशाळून पोतं काढलं.

"पण काऊन नाही सांगत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. मी त्याच भागातल्या नवेगाव बांधचा. नोकरीत माझी भाषा धुऊन निघाली होती, पण गावची बोली अशा वेळी कामाला यायची.

"दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते," मैनाबाई म्हणाल्या. "तुमाले ठाऊक नाई?"

ठाऊक होतं की. लहानपणी दुपारी गोष्टीसाठी मागे लागलो की आई हेच म्हणायची. पोरांना गप्प करायची ती एक सोय, असं मी समजत होतो. माझा मामा तर सायकलवरून दर आठवड्याला यायचा. त्याची वाट चुकायची काही भीतीच नव्हती.

मैनाबाईंना होती. त्यांचा धाकटा भाऊ लखन, म्हणजे सुनीताचा मामा, बोअरवेलच्या गाडीवर कामाला गेला होता. त्या गाड्या दक्षिणेकडून यायच्या, आमच्या भागातली धट्टीकट्टी पोरं उचलायच्या आणि कुठल्या कुठे घेऊन जायच्या. सुनीता तेव्हा रांगत होती. पुढे एकदा कुणीतरी सांगितलं, की लखन आंध्रात दिसला होता. त्यानंतर काही नाही.

"तो गेला त्या साली रोवनी चालली होती," मैनाबाई म्हणाल्या. रोवणी म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायचं काम, आणि धुरा म्हणजे शेताचा बांध. "ही पोर धुऱ्यावर रडून राहिली. उगी व्हावी म्हनून मी भर दुपारी तिले गोष्ट सांगतली. अर्धीच सांगतली. पन सांगतली."

त्या पुन्हा सुपाकडे वळल्या. मी माईक पिशवीत ठेवला.

बाहेर जाऊन रहमतभाईंना म्हटलं, की मुक्काम करावा लागणार. ते भडकले. केंद्रावर साहेब विचारतील तर काय सांगणार? मी म्हटलं, पंक्चर सांगू. "पंक्चर पर रात भर?" असं पुटपुटत त्यांनी गाडी शाळेच्या आवारात नेऊन लावली. सुनीतानं त्यांना चहा नेऊन दिला तेव्हा कुठे त्यांचा पारा उतरला.

संध्याकाळची वाट बघत मी मैनाबाईंना पुएब्लोंबद्दल सांगत बसलो. त्यांच्यातही म्हणे कित्येक गोष्टी फक्त थंडीतच सांगतात. साप बिळात झोपलेले असतात तेव्हा.

"शहाने लोक दिसतेत," त्या म्हणाल्या. "त्यायचेही मामा बाहेर जात असतीन कामाले?"

"जात असतील."

"आन तिकडं आता काय असन? संध्याकाळ?"

"नाही. आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा तिकडे पहाट होते, मग सकाळ."

मैनाबाईंचा हात थांबला. "मंग त्यायची गोष्ट तुमी आपल्या रात्री लावसान, तं त्यायच्याकडं दिवस असन ना? त्यायचा मामा चुकल त्याचं काय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दिवेलागणीला त्यांनी अंगणात शेकोटी केली, उंबऱ्यावर दिवा ठेवला आणि स्वतःच माईक जवळ ओढून घेतला. गोष्ट होती तळ्याची आणि ओढ्याची. तळं ही बहीण, ओढा हा भाऊ. उन्हाळा आला की भाऊ जमिनीखाली निघून जातो. कुठे गेला ते सांगत नाही. बहीण आटत आटत मधल्या खड्ड्याएवढी उरते, पण जागा सोडत नाही. बगळे तिला म्हणतात, चल, दुसरीकडे मोठी नदी आहे. ती म्हणते, मी गेले तर तो कोणाकडे येईल? शेवटी झाडांची मुळं खाली जाऊन भावाला शोधतात आणि वाट दाखवत वर आणतात.

थोडं मराठीत, थोडं गोंडीत, मधूनच गाणं. मी हेडफोन लावून ऐकत होतो आणि मला माझी आई आठवत होती. तिच्या गोष्टी मी एकदाही टेपवर घेतल्या नाहीत. मशीन हातात आलं तेव्हा ती राहिली नव्हती. त्या शेकोटीपाशी मला ती इतकी हवीशी वाटली, की काट्याकडे बघायचंच राहून गेलं.

गोष्टीच्या शेवटी मैनाबाई म्हणाल्या, "गोष्ट सरली. दिवा लागला हाय. लखन, तू घरी ये." सुनीतानं सांगितलं, की आई प्रत्येक गोष्ट अशीच संपवते.

मी मशीन बंद केलं. सगळं झकास झालं होतं. तेवढ्यात मैनाबाईंनी विचारलं, "रेडिओवर कवा लागल?"

"दुपारी साडेबाराला," मी सहज बोलून गेलो. मालिकेचा स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, तीच होती.

त्यांनी मशीनवर हात ठेवला. "मंग पुसून टाका."

"अहो मैनाबाई..."

"एका पोरीले सांगतली तं माहा भाऊ गेला. तुमी तं साऱ्या जिल्ह्याले भर दुपारी सांगून राहिले. किती जनायचे मामा बाहेर हायेत, ठाऊक हाय का?"

ठाऊक होतं. त्या गावात एक घर सोडून एक घर असं होतं. मी त्यांना शब्द दिला, की ही गोष्ट दिवे लागल्यावरच लागेल, नाहीतर लागणारच नाही. तेव्हा त्यांनी मशीनवरचा हात काढला.

शब्द देणं सोपं होतं. स्लॉट बदलणं म्हणजे साहेबांकडे जाणं. आमचे साहेब माणूस सज्जन, पण वेळापत्रकाला देव मानणारे.

"संध्याकाळी बाजारभाव आहेत, शेतीचा कार्यक्रम आहे, बातम्या आहेत. तुमची गोष्ट कुठे घालू? माझ्या डोक्यावर?"

मी त्यांना मामाची सगळी हकिकत सांगितली.

"तुमचा विश्वास आहे यावर?" त्यांनी विचारलं.

"माझा नाही. पण मी शब्द दिला आहे."

"फाईलवर मामा लिहू नका."

मी लिहिलं, की धानाची कापणी-मळणी चालू असल्यानं ग्रामीण श्रोते दुपारी शेतात असतात, सबब हा भाग सायंकाळी प्रसारित करणं योग्य राहील. ते खरंही होतं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि सही केली. शेतीच्या कार्यक्रमानंतरची जागा मिळाली.

मग त्यांनी टेप ऐकली आणि म्हणाले, "शेवटचं वाक्य काढा. वैयक्तिक निरोप आहे तो."

"तो गोष्टीचाच भाग आहे, सर. त्यांची प्रत्येक गोष्ट तशीच संपते."

"आणि पुएब्लोंची गोष्ट कुठे आहे? नुसती माहितीच दिसते."

"आपल्या संध्याकाळी तिकडे सकाळ असते, सर."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हातानंच जा म्हणाले.

भाग लागला, शेवटच्या वाक्यासकट. आमच्याकडे तेव्हा श्रोत्यांची पत्रं यायची, फोन यायचे. या भागालाही आले. प्रत्येक वेळी फोन वाजला की मला वाटायचं, आंध्रातून असेल. आमचं केंद्र तिथपर्यंत नीट ऐकूसुद्धा येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी वाटायचं.

लखन आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुनीताचं लग्न निघालं. मैनाबाईंनी निरोप धाडला, की यायचंच. मी आणि रहमतभाई गेलो. त्यांच्या घरात नवऱ्या मुलीला मांडवात मामा घेऊन येतो आणि तिच्या मागे उभा राहतो. मांडवात सगळी तयारी झाली होती आणि मैनाबाई रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मंडळी खोळंबली. कुणीतरी चुलत मामाचं नाव काढलं. ऐकलं न ऐकल्यासारखं करून त्या माझ्याकडे आल्या. तोवर त्या मला साहेब म्हणायच्या.

"दादा, तुमी उभे रा," त्या म्हणाल्या. "तो आला का मंग बाजूले व्हा."

मी सुनीताला हात धरून मांडवात आणलं आणि तिच्या मागे उभा राहिलो. अक्षता पडत होत्या आणि माझं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं. एखादी बस थांबेल, कुणीतरी उतरेल. रहमतभाई मांडवाच्या तोंडाशी उभे राहून तिकडेच बघत होते.

आता मी निवृत्त झालो आहे. सुनीता मला मामाजी म्हणते, सणावाराला फोन करते. मध्यंतरी एका उत्साही प्राध्यापकांनी ती टेप मागितली. इंटरनेटवर टाकू म्हणाले, जगात कुणीही केव्हाही ऐकू शकेल. हेतू चांगलाच होता. मी विचारलं, फक्त दिवे लागल्यावर ऐकू येईल असं काही करता येतं का? त्यांनी विषय बदलला. टेप माझ्याकडेच आहे.

माझ्या धंद्यातल्या नव्या लोकांना एवढंच सांगेन, की कार्यक्रम किती वाजता लागणार हे माईक समोर धरायच्या आधी सांगून टाकावं. आणि कुणाच्या जागी उभं राहायला हो म्हणताना, कधीपर्यंत ते विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं. मैनाबाई अजून उंबऱ्यावर दिवा ठेवतात, आणि मी अजून बाजूला झालेलो नाही.